सात नंबरची माती

१

सोमवार, तीन नोव्हेंबर. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी शालूबाई झाडू घेऊन सर्पदालनात शिरल्या आणि सात नंबरच्या पेटीचं वरचं झाकण त्यांना उघडं दिसलं. कुलूप कडीला लोंबत होतं. ते तोडलेलं नव्हतं, किल्लीनं उघडलेलं होतं. पेटीतली माती एका कोपऱ्यात हातभर उकरून काढली होती. आतलं जनावर गेलं होतं.

कळंब्याच्या पुढं, गारगोटी रस्त्याला लागून असलेल्या सह्यपाद सरीसृप केंद्रात त्या वेळी चार माणसं होती. साडेनऊला वनक्षेत्रपाल वर्षाराणी घोरपडे पोचल्या तेव्हा ती चारही माणसं एकमेकांशी बोलायची थांबली होती.

"या मॅडम," संचालक धैर्यशील इंगवले फाटकातच म्हणाले. "चोर घरातलाच आहे, तुम्हाला फार त्रास पडायचा नाही. बारा वाजता पोलिसांची गाडी येतेय. तोवर तुम्ही पंचनाम्यावर सही करा, म्हणजे झालं."

"कुणाला न्यायला येतेय गाडी?"

"संघप्रिया कांबळे. सात नंबरची किल्ली तिच्याकडं असते. निलंबनाचं पत्र सकाळीच दिलंय."

सकाळी सातला चोरी उघडकीला येते आणि साडेनऊच्या आत निलंबनाचं पत्र टाईप होऊन, सही-शिक्क्यानिशी हातात पडतं. एवढ्या तडफेनं चाललेलं कार्यालय वर्षाराणींनी नोकरीच्या चौदा वर्षांत पाहिलं नव्हतं. घड्याळात पाहून त्यांनी वेळ वहीत लिहिली.

दालनाच्या पायरीवर एक म्हातारा आकडा पुसत बसला होता. साप उचलायची ती लोखंडी काठी. नागांची आणि मांडुळांची देखभाल त्याच्याकडं होती. कागलचा. सगळे त्याला आण्णा म्हणत. मान वर न करता तो म्हणाला, "सरपटणाऱ्यांची चौकशी करायला घोरपडेच धाडल्या व्हय सरकारनं? बरं झालं. भिंतीला तरी चिकटून बसशीला."

"चिकटतेच मी, आण्णा," वर्षाराणी म्हणाल्या. "सुटत नाही पटकन."

२

गेलेलं जनावर म्हणजे गांडूळ-सरडा. लांबी वीतभर, रंग फिकट गुलाबी, अंगावर गांडुळासारखी वळी. पाय नाहीत. डोळे कातडीखाली झाकलेले. तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं हे कळायला जाणतं माणूस लागतं. ते आपल्याकडचं नव्हे, आफ्रिकेतलं. मुंबईच्या विमानतळावर एका प्रवाशाच्या सामानात, मोज्यात गुंडाळलेलं सापडलं आणि ऑगस्टमध्ये सरकारनं ते सांभाळायला या केंद्राकडं दिलं. म्हणजे मालकी सरकारची. ते गेलं तर गुन्हा साधा राहत नाही.

हे जनावर आयुष्य मातीखाली काढतं. प्रेक्षक सात नंबरपुढं येत, काचेआडची माती बघत आणि चिडत. 'आत काही नाही, फसवणूक आहे,' असं लिहिलेल्या तक्रारींनी अभिप्रायाच्या वहीची आठ पानं भरली होती. एकानं तर काचेवर चप्पल मारली होती.

संघप्रियाला कोठीत बसवून ठेवलं होतं. वय सत्तावीस, गाव नेसरी. प्राणिशास्त्राची पदवीधर, तीन वर्षं कंत्राटावर. जानेवारीत तिला कायम करायचं ठरलं होतं. त्या आधीच हे पत्र हातात पडलं होतं. तिनं ते चारपदरी घडी करून मुठीत धरलं होतं. रडल्याची खूण कुठं दिसत नव्हती.

"किल्ली कुठं आहे?"

तिनं गळ्यातली दोरी काढून दिली. "ही माझी. दुसरी हापिसातल्या जुडग्यात. तिसरी नाही."

"काल संध्याकाळी पेटी बंद होती?"

"सहाला बघून गेले. वरच्या झाकणाला कुलूप होतं. पण मॅडम, वरचं झाकण मी उघडतच नाही. ऑगस्टमध्ये नवं बसवलं त्यानंतर एकदाही नाही. खाणं पुढच्या छोट्या खिडकीतून देते. तिला नुसती कडी आहे. पाणी कोपऱ्यातल्या पाईपनं सोडते, म्हणजे वरची माती कोरडी राहते आणि खालची ओली."

"मग तो आत आहे हे तुला कळायचं कसं?"

ती पहिल्यांदाच अडखळली. "खाण्यावरून. दर तिसऱ्या दिवशी बशीत चार गांडुळं ठेवायची. सकाळी बशी रिकामी. वहीत आहे सगळं."

वहीत होतं. मोत्यासारखं अक्षर. चार दिली, चार संपली. परवाच्या शनिवारपर्यंत.

"उकरलेला कोपरा पाहिलास?"

"पाहिला की!" तिचा आवाज एकदम चढला. "त्यावरूनच सांगतेय, मी नाही नेला. पाईप डावीकडं आहे. उकरलंय उजवीकडं, कोरड्यात. कोरड्या मातीत तो कधी थांबत नाही, कातडी सुकून मरेल. मला न्यायचा असता तर डावा कोपरा चार बोटं उकरला असता. अर्ध्या मिनिटाचं काम."

"हे इंगवल्यांना सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, मुद्दाम उजवीकडं उकरलंस, एवढी हुशार आहेस तू. तीन वर्षांत पहिल्यांदा हुशार म्हणाले."

वर्षाराणींनी घड्याळ पाहिलं. दहा वाजून पाच मिनिटं. "चाळण आहे का इथं? मोठी?"

"आहे. कशाला?"

"चोराची उकरायची जागा चुकली," वर्षाराणी म्हणाल्या. "आपण सगळी माती उकरू."

३

माती चाळायला पाऊण तास लागला. धैर्यशील दाराशी उभे राहून दोनदा म्हणाले, की हा वेळेचा अपव्यय आहे, आणि एकदा म्हणाले, की वरिष्ठांशी बोलावं लागेल. वर्षाराणींनी त्यांना वरिष्ठांचा नंबर दिला. त्यांनी तो घेतला नाही.

मातीत गांडूळ-सरडा नव्हता. पण माती रिकामीही नव्हती.

ओल्या थरातून पहिल्याच चाळणीत सहा गांडुळं निघाली. दुसऱ्या चाळणीत नऊ. जाडजूड, तरतरीत, गळ्याशी पट्टा असलेली. शालूबाईंनी बादली धरली आणि नाक मुरडलं. "आगं बया! ह्याला जनावराची पेटी म्हणायची का शेणखताचा खड्डा?"

लहान पिल्लं वेगळी काढून वर्षाराणींनी फक्त मोठी मोजली. सदतीस.

संघप्रिया त्या बादलीकडं बघत राहिली.

"ही... ही मी दिलेली आहेत," ती म्हणाली. "बशी उथळ आहे. ही रात्रीतून बाहेर सरकली आणि मातीत गेली. मला वाटायचं, त्यानं खाल्ली."

"वहीत मागं मोज. दर खेपेला चार."

"दहा खेपा धरल्या तर चाळीस. तीन मेली असतील." तिनं वही उलटली, बोट सरकवत नेलं आणि थांबली. "पाच ऑक्टोबर. मी नागपूरहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशीचं हे खाणं." ती हळू बोलत होती. "म्हणजे मी परत आले तेव्हाच तो नव्हता. महिनाभर मी मातीलाच जेवण घालत होते."

"नागपूरला कशाला गेलतीस?"

"दसऱ्याला दीक्षाभूमीवर. दरवर्षी जातो आम्ही घरचे. तीस सप्टेंबरच्या रेल्वेनं गेलो, चारला परत. किल्ली गळ्यातच होती."

दाराशी टाळी वाजली. एकच, जोरात.

"वा!" धैर्यशील म्हणाले. "म्हणजे महिनाभर खोट्या नोंदी केल्या, हे कबूल झालं. मॅडम, साप-सरडे उपास करतात. दोन-दोन महिने खात नाहीत. नसेल खाल्लं त्यानं. काल रात्री होता आणि काल रात्री गेला. गांडुळं कोर्टात साक्षीला उभी करणार आहात का?"

दुर्दैवानं माणूस बरोबर बोलत होता. ही जनावरं उपास करतात. सदतीस गांडुळांवरून शंका घेता येते, सिद्ध काही होत नाही.

पाय ओढत वर्षाराणी पुन्हा पेटीपाशी आल्या. भिंतीला टेकवून ठेवलेलं वरचं झाकण त्यांनी उलटं केलं. आतल्या बाजूला, हाताची पकड येते तिथं, चार बोटांचा डाग होता. मातीच्या दमटपणानं तो गडद झाला होता. मध्ये पिवळा. भोवती लाल.

४

"आण्णा, यंदा खंडेनवमीला पूजा कुणी केली?"

आण्णानं आकडा मांडीवर ठेवला. "का? सरकारला प्रसाद पायजे?"

"विचारलेलं सांगा."

"मी केली. माझा बा करायचा, मी करतोय. एक तारखेला, चारच्या सुमाराला. साहेबांच्या केबिनमधी पाट मांडला. आकडे, चिमटे, किल्ल्यांचं जुडगं, सगळ्याला हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला."

"आणि मग?"

"मग काय? पुजलेल्या हत्याराला हात लावायचा नसतो. दसऱ्याचं सोनं लुटून झालं, सीमोल्लंघन झालं की मगच उचलायचं. आमच्यात रीत हाय." त्यानं कोठीच्या दिशेनं हनुवटी उडवली. "आता काही लोकांस्नी रीतच न्हाय. आम्ही पाट मांडतोय, त्येंची गाडी नागपूरला. त्येंची किल्ली पाटावर आलीच न्हाय. बघा, त्याच किल्लीनं घात केला का न्हाय!"

"तिची किल्ली पाटावर आली नाही," वर्षाराणींनी शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. "म्हणजे त्या किल्लीला हळद-कुंकू लागलंच नाही."

"लागंल कसं? सांगितलं की आत्ता!"

"दोन तारखेला, दसऱ्याला, तुम्ही इथं होता?"

"सकाळी तासभर. पाणी घातलं. पाण्याच्या भांड्यास्नी किल्ली लागत न्हाय. सात नंबरला पाईपनं तांब्याभर सोडलं आन कागलला गेलतो."

"जुडगं?"

"पाटावर. केबिनला कुलूप. किल्ली साहेबांच्या खिशात." एवढं बोलून आण्णा थांबला. म्हातारा तापट होता, मूर्ख नव्हता. त्याचा हात आकड्यावर घट्ट झाला. "बाई, तुम्ही इचारताय काय नेमकं?"

वर्षाराणी नळाकडं गेल्या. तिथं शालूबाई चाळण धुवत होत्या.

"शालूबाई, किल्ल्यांचं हळद-कुंकू कुणी धुतलं?"

"मीच की. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, तीन तारखेला सकाळी. साहेबांनी केबिन उघडली, मी जुडगं आणलं आन चिंचंनं घासून लख्ख केलं. पितळंच्या किल्ल्या त्या, डाग ऱ्हायला तर साहेब वराडतात." त्यांनी चाळण आपटली. "साहेबांस्नी दुसऱ्याची वस्तू न्यायला बरं येतंय. काल आयतवारी माझं खुरपं नेलं. इचारलं कशाला, तर म्हनं कुंडीची माती हलवायची. अजून दिलं न्हाय. आता मी तण काय नखानं काढू?"

"काल किती वाजता?"

"पाचला. गर्दी गेल्यावर."

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. पोलिसांच्या गाडीला चाळीस मिनिटं होती. वर्षाराणींनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं.

५

धैर्यशील खुर्चीत बसले. बाकीचे उभे राहिले. संघप्रिया दाराजवळ, आण्णा तिच्यापासून शक्य तितका लांब.

"उद्या दिल्लीचं तपासणी पथक येतंय, आमच्याकडं पत्र आलंय," वर्षाराणी म्हणाल्या. "या वेळी कागद बघून जाणार नाहीत, प्रत्येक जनावर डोळ्यांनी मोजणार आहेत. बरोबर?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"सात नंबर महिनाभर रिकामी होती आणि कुणाला पत्ता नव्हता. जनावर असलं तरी मातीच दिसते, नसलं तरी मातीच. उद्या मात्र माती उपसावी लागली असती. म्हणून चोरी आजच्या आत व्हायला हवी होती. काल ती करून दाखवली. उकरणाऱ्याला काही शोधायचंच नव्हतं, म्हणून त्यानं कुठंही उकरलं."

"कथा चांगली आहे."

"झाकणाच्या आत बोटांना लागलेलं हळद-कुंकू आहे. झाकण ऑगस्टमध्ये बसवलं. किल्लीला हळद-कुंकू लागलं एक ऑक्टोबरला दुपारी आणि चिंचेनं धुतलं गेलं तीन तारखेला सकाळी. म्हणजे कालच्या आधी वरचं झाकण उघडलं ते याच दोन दिवसांत, आणि पाटावरच्या जुडग्यानं. संघप्रिया तेव्हा नागपुरात. तिच्या किल्लीला कुंकू लागलेलंच नाही, हे आण्णा स्वतः सांगतात."

सगळ्यांच्या माना आण्णाकडं वळल्या. आण्णानं खाली बघत, कुणावर तरी उपकार केल्यासारखं म्हटलं, "व्हय. सांगितलंय खरं."

"आण्णा पुजलेलं जुडगं उचलणार नाहीत. उचलायचं म्हटलं तरी केबिनला कुलूप होतं आणि त्याची किल्ली एकाच खिशात होती."

धैर्यशील हसले. हसताना त्यांनी टेबलावरची टाचणी उचलली आणि परत ठेवली. "कुंकवाच्या डागावरनं मला आत टाकणार? कोल्हापुरात माझ्या आजोबांच्या नावाची कमान आहे."

"कमानीचं माहीत नाही. बोटांचे ठसे आहेत चार. तज्ज्ञ दोन वाजता येतील. आणि शालूबाईंचं खुरपं काल पाचला तुम्ही नेलंत. आत्ता येताना मी सगळ्या कुंड्या बघितल्या. एकाही कुंडीची माती हललेली नाही."

तेवढ्यात आण्णा पुढं आला. त्याचा आवाज फाटला होता. "पाटावरचं उचललंसा? माझ्या बाच्या पूजंतलं? सोनं लुटायच्या आधी?"

"गप्प बस रे!" धैर्यशील उसळले. "तुमच्या पाटासाठी पावण्यांना माघारी धाडायचं का? दसऱ्याला पावणे आलते. मोठे लोक. त्यांना ते दुतोंडी बघायचं होतं. दोन्हीकडं तोंड असलेलं जनावर घरी आणलं की भरभराट होते, हे डोक्यात घेऊन आलते. मी बाहेर काढलं, टेबलावर दिव्याखाली ठेवलं. पाच मिनिटं. हातातच मेलं ते. झालं समाधान? मेलं! चोरी नाही, अपघात आहे."

"काय केलंत त्याचं?"

"डब्यात घालून पुरलं. मागच्या जांभळीखाली. काल खुरपं नेलं ते नीट पुरलंय का बघायला." त्यांनी घाम पुसला. आवाज आता सरळ झाला होता, वाटाघाटीचा. "निष्काळजीपणा म्हणा. ट्रस्ट दंड भरेल. पण चोर म्हणू नका."

"मला म्हणाला होतात," संघप्रिया म्हणाली.

त्यांनी तिच्याकडं पाहिलंही नाही. "तू कंत्राटावर आहेस. तुला दुसरीकडं मिळाली असती नोकरी."

६

पोलिसांची गाडी बाराला पाच मिनिटं कमी असताना आली. तिला जांभळीखाली वळवण्यात आलं.

शालूबाईंचं खुरपं बुंध्याशीच पडलं होतं. त्यांनी ते आधी ताब्यात घेतलं, पदरानं पुसलं आणि मगच शिपायाला खणायला जागा दिली. आठ बोटं खाली बिस्किटांचा चौकोनी पत्र्याचा डबा लागला. पंचांसमक्ष, बारा वाजून सतरा मिनिटांनी उघडला.

आत सात नंबरच्या पेटीतलीच माती होती. जनावर नव्हतं. हाडंही नव्हती.

"कुजलं असेल," धैर्यशील म्हणाले. "महिना झाला."

"हाडं महिन्यात कुजत नाहीत," संघप्रिया म्हणाली. तिला कुणी विचारलं नव्हतं. ती गुडघ्यावर बसून डब्यातली माती काडीनं सारत होती. तळाशी, एका कोपऱ्यात, दोन गांडुळं होती. वाळून दोऱ्यासारखी झालेली.

"मॅडम," ती म्हणाली, "मेलेल्याबरोबर खाणं का ठेवलंय?"

वर्षाराणींनी झाकण उचलून उन्हात धरलं. मुलाच्या दप्तरात बेडूक नेताना पाडतात तशी, खिळ्यानं पाडलेली बारीक भोकं त्यातून चमकली. त्यांनी ती मोजून पंचनाम्यात लिहिली. अकरा.

आण्णा लांब उभा होता. तो दोन पावलं पुढं आला, संघप्रियाच्या शेजारी वाकला आणि डब्यात बघत म्हणाला, "जित्ता नेला ह्येनं. पावण्यांच्या घरात पोचवला आन डबा तेवढा माघारी आणून पुरला." मग, तिच्याकडं न बघता, "त्येला पाणी किती लागतंय गं?"

"माती ओली पाहिजे. कोरडी झाली तर चार दिवस. फार तर पाच."

"आन त्या पावण्यास्नी हे ठाऊक हाय?"

ती पुन्हा काडीनं माती सारू लागली.

पावण्यांची नावं धैर्यशील इंगवले यांना त्यानंतर सहा वेळा विचारण्यात आली. वकील आल्याशिवाय बोलणार नाही, एवढंच ते म्हणाले. संध्याकाळी सातपर्यंत वकील आलेले नव्हते. संघप्रिया कांबळेचं निलंबन मागं घेतल्याचा कागद कार्यालयातून निघालेला नव्हता. सही करणारा माणूस पोलीस ठाण्यात होता. सात नंबरची माती तिनं परत भरली, पाईपनं तांब्याभर पाणी सोडलं आणि वहीत वेळ घातली. गांडूळ-सरडा दसऱ्याला जिवंत होता. त्यानंतरची नोंद नाही.